आधी कोणाचं काम?

नागपूरच्या गांधीबागेत कर सल्लागाराचं ऑफिस चालवायचं म्हणजे दिवसभर एकच वाक्य ऐकायचं. "मॅडम, आपलं जरा अर्जंट होतं." कापडवाल्याला सीसी लिमिटसाठी, म्हणजे धंद्याच्या कॅश क्रेडिट कर्जासाठी, बँकेत कागद द्यायचे असतात, इतवारीतल्या किराणा होलसेलवाल्याला नोटीस आलेली असते आणि कळमन्यातल्या अडत्याला नुसतं "एक मिनिट बोलायचं" असतं. अडत्याचं एक मिनिट किती लांब असतं, हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

आवाज कोणाचा मोठा, यावर मी कामं लावत नाही. एक दिवस उशीर झाला तर कोणाला किती पडेल, ते बघते. तारखा या धंद्यात सगळ्यांना पाठ असतात: 7 ला टीडीएस (दुसऱ्याला पैसे देताना कापलेला कर), 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न), 15 ला पीएफ, 20 ला 3बी (जीएसटी भरायचं रिटर्न). पण प्रत्येक तारीख चुकल्याची किंमत वेगळी आहे.

3बी एक दिवस लांबलं तर 50 रुपये लेट फी आणि खरेदीवरचा कर वजा जाऊन रोखीने भरायच्या करावर वर्षाला 18 टक्के दराने एका दिवसाचं व्याज. चिडचिड होते, पण झेपतं. टीडीएसला मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे व्याज महिन्याला दीड टक्का, महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात आणि मोजणी कर कापल्याच्या तारखेपासून. जूनमध्ये कापलेला कर 7 जुलैऐवजी 8 ला भरला की दोन महिन्यांचं व्याज, म्हणजे 3 टक्के. एका दिवसापायी!

सगळ्यात फसवं जीएसटीआर-1. त्यात कर भरायचाच नसतो, लेट फी किरकोळ, म्हणून लोक म्हणतात, "होऊन जाईन ना जी, काहून टेन्शन घेता?" पण 14 तारखेला माल घेणाऱ्याचं 2बी, म्हणजे त्याच्या खरेदीच्या बिलांची पोर्टलवरची यादी, तयार होतं. तुमची बिलं 11 पर्यंत चढली नसतील तर त्याच्या 2बीत ती येत नाहीत, त्या महिन्याचं त्याचं क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) लटकतं आणि तो तुमचं पेमेंट धरून बसतो. दीडशे रुपयांच्या लेट फीमागे लाखाचं पेमेंट अडकलेलं मी पाहिलंय. म्हणून 8 ते 11 मी नोटिशीचं उत्तरसुद्धा हातात घेत नाही, त्याची मुदत त्याच दिवसांत संपत असेल तरच अपवाद.

दुसरं बघायचं ते हे, की काम कोणाकडे अडकणार आहे. माझ्याकडे फाईल करायला दहा मिनिटं लागतात, पण ओटीपी मालकाच्या मोबाईलवर जातो. मालक सकाळी दुकानात पूजा करून गल्ल्यावर बसेपर्यंत फोन उचलत नाही, संध्याकाळी गिऱ्हाइकांत असतो. म्हणून ओटीपीची कामं साडेअकरा ते एक. राहिलेली बिलं मागणारे मेसेज मात्र ऑफिस उघडल्या उघडल्या जातात, मग ते गिऱ्हाईक कितीही लहान असो. त्यांना शोधायला वेळ लागतो, तेवढ्यात माझं दुसरं काम होतं.

हे दुसरं काम म्हणजे खरेदीचं रजिस्टर 2बीशी जुळवणं. नऊ ते अकरा. फोन ड्रॉवरमध्ये, ऑफिसातली मुलगी निरोप लिहून घेते. बिल नंबरात एक शून्य कमी, कुठे एका पुरवठादाराचे दोन जीएसटी नंबर; मध्ये कोणी बोललं की तेच पान पुन्हा वरून. मे महिन्यात कूलरचा घरघराट इतका असतो, की बोलायची कोणाला इच्छाच होत नाही. माझं बरं चालतं.

गावाचं पंचांगही बघावं लागतं. डिसेंबरात अधिवेशन असलं की सीताबर्डीकडे मोर्चे, मग मी गाडी काढत नाही, अग्रसेन चौकापर्यंत मेट्रो. मारबतीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, तर आमच्या बाजूचे रस्तेच गर्दीने भरतात. 2023 मध्ये ती नेमकी 15 सप्टेंबरला आली, ॲडव्हान्स टॅक्सच्या दुसऱ्या हप्त्याच्या दिवशी. चलानं आधीच काढून ठेवली होती. एक कापडवाले भाऊ फोनवर म्हणाले, "मॅडम, ईडा पीडा घेऊन जा म्हणते ना मारबतीला, तर हे पोर्टलबी घेऊन जाय म्हणा!"

घाई करणाऱ्याला मी "करते" म्हणत नाही, दिवस सांगते. "भाऊ, तुमचं 22 ला दुपारून." बहुतेक जण ऐकतात. एक जण रागावून दुसऱ्याकडे गेला. त्याची बिलं दर महिन्याला 11 च्या रात्री यायची, त्यामुळे मी काही थांबवायला गेले नाही.