नव्या मशीनचे गचके आणि काळी पडणारी स्क्रीन: नोंद दुसरी

मशीन उभं राहिलंय, विंडोज चढलंय, बेंचमार्कचे आकडे अपेक्षेइतके येतायत. तरी खेळायला बसलं की मजा येत नाही. तक्रारी दोन. एक, गेम मधूनच गचका खातो: कॅमेरा फिरवताना चित्र क्षणभर अडकतं आणि मग पुढे उडी मारतं. दुसरी जास्त काळजीची. कधीतरी स्क्रीन पूर्ण काळी होते, दोनेक सेकंदांनी परत येते आणि बहुतेक वेळा गेम बंद पडून आपण डेस्कटॉपवर.

मागच्या नोंदीत जोडणी होती, म्हणून भाग परत सविस्तर लिहीत नाही. एएम५ सॉकेटचा आठ कोअरचा प्रोसेसर, डीडीआर५ रॅमच्या दोन काड्या, १२ जीबी मेमरीचं पीसीआयई ४.० ग्राफिक्स कार्ड (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातली डेटाची वाट), ७५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), १४४ हर्ट्झचा १४४०पी मॉनिटर. कार्ड कॅबिनेटच्या काचेमागे उभं, कॅबिनेटबरोबरच आलेल्या रायझर केबलवर (कार्ड आणि मदरबोर्डवरचा स्लॉट यांना जोडणारी केबल). हा शेवटचा तपशील लक्षात असू द्या.

आधी मोजमाप

गचक्यांच्या बाबतीत 'सरासरी १०० एफपीएस' (सेकंदाला १०० फ्रेम, म्हणजे चित्रं) हे वाक्य जवळपास निरुपयोगी आहे. एका सेकंदात ९९ फ्रेम प्रत्येकी ९ मिलिसेकंदांत निघाल्या आणि एकच फ्रेम १०९ मिलिसेकंद अडकली, तर बेरीज बरोबर १००० होते. कागदावर १०० एफपीएस, डोळ्यांना मात्र सणसणीत गचका. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम ६.९ मिलिसेकंद येतात, म्हणजे त्या एका फ्रेमने पंधरा फ्रेमांची जागा खाल्ली. २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी कार्डांच्या परीक्षणात सेकंदाच्या आतले फ्रेम टाइम (एकेका फ्रेमला लागणारा वेळ) मांडायला सुरुवात केली, तेव्हापासून हे उघड गुपित आहे. तरी अजून बरेच लोक कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा बघूनच निदान करतात.

मी कॅपफ्रेमएक्स वापरलं. ते आतून इंटेलच्या प्रेझेंटमॉनवर चालतं, आणि फ्रेम टाइमचा आलेख देतं. पद्धत साधी ठेवली: एकच गेम, एकच सेव्ह, चालायची एकच वाट, एकच सेटिंग, एका वेळी एकच बदल. कंटाळवाणं काम आहे. पण एका दमात ड्रायव्हर बदलला, बायोस (मदरबोर्डचा मूळ प्रोग्रॅम) अपडेट केलं, रॅमचा वेग उतरवला आणि गचके थांबले, तर नक्की कशाने थांबले ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात ते परत आले की सगळं पहिल्यापासून.

इथे एक गोष्ट ठळक सांगायची आहे, कारण ती फारशी कुठे लिहिलेली दिसत नाही. ड्रायव्हर पुसून नव्याने टाकला की शेडरची (चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची) साठवण साफ होते. त्यानंतरच्या पहिल्या खेळात गेमला शेडर परत बांधावे लागतात, त्यामुळे प्रत्येक नवा स्फोट, नवा धूर, नवी खोली पहिल्यांदा दिसताना हलका गचका बसतोच. त्या पहिल्या फेरीवरून 'नवा ड्रायव्हर जास्त वाईट' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. पहिली फेरी सोडून द्या, दुसरी मोजा.

आलेखात काय दिसलं

आलेखावर दोन प्रकारचे सुळके होते, आणि ते नीट बघितल्यावर सगळा तपास मार्गी लागला.

पहिले सुळके छोटे, पण अंतर एकसारखं. साधारण दर दोन सेकंदांनी एक. गेममध्ये काहीही चालू असो, मारामारी असो की नुसतं भिंतीकडे तोंड करून उभं राहणं, सुळका वेळेवर हजर. गेमच्या आतलं काम इतकं शिस्तीत चालत नाही. एवढी नेमकी लय दिसली की समजायचं, बाहेरचा कोणीतरी ठरावीक वेळाने दार ठोठावतोय.

दुसरे सुळके मोठे, बेशिस्त, घोळक्याने येणारे. दहा मिनिटं काही नाही, मग पाठोपाठ चार. काळी स्क्रीन याच घोळक्यांच्या आसपास यायची.

पहिल्यांचा माग लवकर लागला. सुरुवातीला लेटन्सीमॉन चालवून पाहिलं. कुठल्या ड्रायव्हरने प्रोसेसरला नको तेवढा वेळ अडवून धरलंय ते हे दाखवतं. गचक्याबरोबर आवाजही तडतडत असेल तर हेच पहिलं करावं, कारण तेव्हा दोषी बहुधा नेटवर्कचा, ऑडिओचा किंवा एखाद्या यूएसबी उपकरणाचा ड्रायव्हर असतो. माझ्याकडे आवाज स्वच्छ होता आणि लेटन्सीमॉनने कोणा एकाकडे बोट दाखवलं नाही. मग विंडोजबरोबर सुरू होणारे सगळे प्रोग्रॅम बंद केले, सुळके गायब. निम्मे चालू केले, अजून गायब. उरलेल्यांतले निम्मे, सुळके परत. असं अर्ध्या-अर्ध्याने गेलं की वीस संशयितांमधून एक शोधायला फार खेपा लागत नाहीत.

निघाला तो पंख्यांचा वेग आणि दिव्यांचे रंग सांभाळणारा प्रोग्रॅम. तो मदरबोर्डवरचे तापमानाचे सेन्सर ठरावीक वेळाने वाचतो. गंमत म्हणजे माझ्याकडे एचडब्ल्यूइन्फो पण चालू होतं, आणि तेही मूळ सेटिंगमध्ये दर २००० मिलिसेकंदांनी तेच सेन्सर वाचतं. एकाच सेन्सरकडे दोन प्रोग्रॅम गेले की एकमेकांत अडकतात, आणि काही बोर्डांवर हे वाचन मुळातच संथ असतं. दोघांपैकी एकच चालू ठेवला तर सुळके बारीक झाले. रंगवाला प्रोग्रॅम काढून टाकला आणि पंख्यांचा आलेख थेट बायोसमध्ये बसवला तेव्हा पूर्ण गेले. दिवे आता एकाच रंगाचे आहेत. मला चालतंय.

काळी स्क्रीन

हे प्रकरण चिवट निघालं.

स्क्रीन काळी झाली की आधी एक प्रश्न विचारायचा: आवाज चालू आहे का, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींच्या वहीत) काही नोंद पडली का? आवाज अखंड, गेम शाबूत आणि नोंद काहीच नाही, तर कार्डावर संशय घेण्याआधी मॉनिटरची केबल बदलून बघावी. माझ्याकडे प्रत्येक वेळी सिस्टीम लॉगमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद होती: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो सावरला. ही विंडोजची टीडीआर नावाची सोय. कार्डाला दिलेलं काम दोन सेकंदांत हललं नाही तर विंडोज ड्रायव्हरला नव्याने सुरू करतं, म्हणून ती दोनेक सेकंदांची काळोखी.

ही नोंद वाचून 'ड्रायव्हर खराब' असं ठरवणं ही सर्वांत सोपी पळवाट. कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही, एवढंच ती सांगते. का दिलं नाही ते सांगत नाही. रजिस्ट्रीत जाऊन ही दोन सेकंदांची मुदत वाढवा, असाही सल्ला सर्रास दिला जातो. त्याने दोन सेकंदांची काळी स्क्रीन जाऊन दहा सेकंदांचं गोठलेलं चित्र मिळतं, दुसरं काही नाही.

तरी नेहमीची यादी पुरी केली. इंटरनेट तोडून सेफ मोडमध्ये डीडीयू या प्रोग्रॅमने ड्रायव्हर समूळ काढला (इंटरनेट यासाठी तोडायचं, की विंडोज अपडेट मध्येच आपला ड्रायव्हर घुसवत नाही) आणि नवा टाकला. फरक नाही. कार्डाच्या दोन आठ-पिनी जोडण्यांना एकाच केबलच्या दोन शेपट्या होत्या, त्या काढून एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबली आणल्या. आठ पिनांच्या एका जोडणीची मर्यादा १५० वॉट, स्लॉटमधून येणारे ७५ वॉट वेगळे. एका केबलवर दोन्ही टोकांचा भार टाकणं टाळलेलं बरं, म्हणून हा बदल तसाच ठेवला. पण काळी स्क्रीन गेली नाही. रॅमचं एक्सपो (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग) बंद करून ४८०० वर खेळले, तेच. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं, एकही चूक नाही.

आणि मग त्याच सिस्टीम लॉगमध्ये ४१०१ च्या आजूबाजूच्या पिवळ्या नोंदींकडे लक्ष गेलं. डब्ल्यूएचईए-लॉगर (विंडोजची हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी सोय), क्रमांक १७, 'सुधारलेली हार्डवेअर चूक', घटक: पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्ट (पीसीआयईचं प्रोसेसरकडचं टोक). एक-दोन नाहीत, पानंच्या पानं. इशाऱ्याच्या पातळीवरच्या असतात म्हणून नजर लाल खुणा शोधत यांच्यावरून घसरते.

या नोंदीचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. पीसीआयईवर डेटा पाकिटांनी जातो आणि प्रत्येक पाकिटाबरोबर तपासणीचा आकडा असतो. पलीकडे आकडा जुळला नाही तर पाकीट नाकारलं जातं आणि ते पुन्हा पाठवावं लागतं. चूक 'सुधारली' ती अशी. चित्रात दोष दिसत नाही, पण त्या फेरफटक्यात वेळ जातो. अशा चुकांचा भडिमार झाला की फ्रेम अडकते, आणि जोडणीच सावरेनाशी झाली की कार्ड गप्प होतं. माझे बेशिस्त सुळके आणि काळी स्क्रीन घोळक्याने का येतात, याचं उत्तर इथे होतं.

कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामध्ये काय आहे? स्लॉट, आणि रायझर केबल. केबलच्या टोकाजवळ बारीक अक्षरात छापलंय ३.०. पीसीआयई ३.० चा वेग प्रत्येक लेनला (डेटाच्या एका पट्टीला) सेकंदाला ८ गिगाट्रान्सफर, ४.० चा १६. बायोसमध्ये वेग 'ऑटो'वर असतो, म्हणजे दोन्ही टोकं आपसांत ठरवतात. मधल्या केबलला कोणी विचारत नाही. कार्ड म्हणतं ४.०, बोर्ड म्हणतो ४.०, आणि दुप्पट वेगाचा सिग्नल त्या केबलमधून जातो. कधी मशीन चित्रच दाखवत नाही, ते एका अर्थाने बरं, दोष लगेच कळतो. माझ्यासारखं ऐंशी टक्के चाललं की वैताग.

बायोसमध्ये ग्राफिक्स स्लॉटचा वेग हाताने जेन३ (म्हणजे ३.०) केला. बाकी काहीही हलवलं नाही. डब्ल्यूएचईएच्या नोंदी थांबल्या, ४१०१ परत आली नाही, बेशिस्त सुळके गेले.

खात्री म्हणून उलट बाजूनेही पाहिलं: रायझर काढली, कार्ड आडवं थेट स्लॉटमध्ये बसवलं, वेग परत ऑटो. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये एक्स१६ (सोळा लेन) ४.० दिसतंय आणि लॉग कोरा. (जीपीयू-झेड बघताना कार्डावर भार द्या, त्यात रेंडर टेस्टचं बटण आहे. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला वेग १.१ पर्यंत उतरतो, आणि तो आकडा बघून धास्तावणारे दर आठवड्याला कोणीतरी असतात.)

आता ४.० ठेवायचं की रायझर परत लावून ३.०? सोळा लेनवर ३.० म्हणजे सेकंदाला सुमारे १५.७५ जीबी, ४.० म्हणजे त्याच्या दुप्पट. माझ्या मोजमापात फरक इतका किरकोळ की दोन फेऱ्यांमधला नैसर्गिक फरकच त्याहून मोठा. कार्डाची स्वतःची मेमरी भरून टेक्स्चर सिस्टीम रॅममधून ओढायची वेळ आली तर मात्र ही वाट रुंद असलेली उपयोगी पडते. ज्यांचं कार्ड आठच लेनचं आहे त्यांना ३.० चा फटका जास्त जाणवेल. मला उभं कार्ड दिसायला आवडायचं, पण आडव्या कार्डाचं तापमानही काही अंश उतरलंय, कारण उभं असताना पंखे काचेला जवळजवळ चिकटून होते. रायझर खोक्यात गेली. कार्ड जड आहे, म्हणून दुसऱ्या टोकाला टेकू लावलाय.

उरलेलं

व्हीआरआर (मॉनिटरने गेमच्या वेगाशी जुळवून घेणं) चालू, फ्रेमची मर्यादा १३८ वर, म्हणजे एफपीएस मॉनिटरच्या मर्यादेला धडकत नाही. फ्रेम टाइमची रेघ आता बरीचशी सपाट आहे. एका खुल्या जगाच्या गेममध्ये नव्या भागात शिरताना ठरलेल्या जागी गचका बसतो. तीच जागा, प्रत्येक वेळी, कुठल्याही सेटिंगला. तो गेमचा नवा भाग डिस्कवरून आणून मांडण्याचा प्रकार आहे, माझ्या मशीनचा नाही, त्याच्यामागे लागणार नाही.

एक्सपो परत चालू केलंय, ६००० वर. ते स्थिर असल्याची खात्री अजून व्हायची आहे, त्यामुळे कार्डाचं अंडरव्होल्टिंग (कमी व्होल्टेजवर चालवणं) तोवर थांबवलंय. रॅमची चाचणी निर्विघ्न पार पडली की व्होल्टेजचा आलेख एकेक पायरी खाली आणत जाईन, आणि प्रत्येक पायरीला डब्ल्यूएचईएचा लॉग उघडून बघेन. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त १७ आणि ४१०१ दाखवणारं गाळणं बनवून ठेवलंय, दोन क्लिकमध्ये कळतं.