रूपनारायणच्या काठचं घर

१४ जानेवारी, संक्रांत. रात्रीचे पावणेबारा.

बोटं अजून काळी आहेत. केळफूल निवडताना तेल लावायचं राहिलं आणि चीक असा बसलाय की लिंबू चोळलं, बेसन लावलं, काही फरक नाही. राहू दे. आजचा दिवसच असा होता की त्याची काहीतरी खूण हातावर राहिलेली मला आवडेल.

खालच्या मजल्यावरच्या काकीमा सकाळीच फोन करून म्हणाल्या, मोचा (म्हणजे केळफूल) आणलाय, येतेस का निवडायला, एकटीनं होत नाही आता. (आंटी म्हटलेलं त्यांना आवडत नाही, पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, काकीमा म्हण.) मुलाच्या नोकरीमुळे सहा वर्षांपूर्वी त्या बंगालमधून इकडे पुण्यात घोरपडीत राहायला आल्या, आमचं बोलणं हिंदीत, मधूनमधून त्यांचं मराठी आणि माझं मोडकंतोडकं बांगला. मी गुळाची पोळी आणि तिळगूळ घेऊन खाली गेले, त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं, आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि एकेक जांभळी पात उचलून खालची फुलांची फणी काढायला लागलो. प्रत्येक फुलातली ती टोकाला गोळी असलेली ताठ दांडी काढायची आणि बुडाशी एक पारदर्शक पापुद्रा असतो नखाएवढा, तोही काढायचा, तो शिजत नाही. हे मी आईकडे शंभर वेळा केलंय. आई ताकात भिजवायची, काकीमा हळदीच्या पाण्यात भिजवतात. मग त्या म्हणाल्या यात काळे चणे घालायचे, ओलं नारळ घालायचं, थोडी साखर, आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिले, कारण आमच्या घरी काळे चणे, ओलं खोबरं आणि गुळाचा खडा. फोडणीत फरक, त्यांचं तमालपत्र आणि जिरं, आपलं मोहरी-हिंग, आणि शेवटी वरून त्या तूप नि गरम मसाला घालतात. कांदा-लसूण नाही. दोन हजार किलोमीटर लांब आणि भाजी तीच!

कांदा नाही का, मी विचारलं. तर म्हणाल्या, ही विधवांची भाजी ना, माझ्या सासूबाईंच्या सासूची. आमच्याकडे त्यांना मासे नाहीत, मटण नाही, अंडं नाही, कांदा-लसूण नाही, मसूर डाळसुद्धा नाही. मग काय करणार, सालं, देठ, केळफूल, कच्ची केळी, जे हाताला लागेल त्यातून रांधत बसायच्या, आणि घरातल्या सगळ्यांनी मासे सोडून त्यांच्या ताटातलं मागून खावं असं रांधायच्या. शुक्तो नावाची कडू भाजीसुद्धा काकीमांनी त्यांच्याच हातची बघून शिकलेली. कारलं, शेवगा, कच्चं केळं, वांगं, बटाटा, वर डाळीचे सांडगे आणि थोडं दूध, आणि ओव्यासारखा दिसणारा तो राधुनी नावाचा मसाला. जेवणात सगळ्यात आधी, पहिल्या भाताबरोबर कडू खायचं.

मी गप्प झाले. मला आमची आत्याआजी आठवली, बाबांची आत्या. सोळाव्या वर्षी विधवा झाली आणि पुढची साठ वर्षं सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात लाल अलवणात राहिली. एकभुक्त. सोवळ्यात स्वयंपाक तिच्याकडे, आणि तिच्या हातच्या केळफुलाच्या भाजीची चव बाबा शेवटपर्यंत काढत राहिले. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यातच विधवांसाठी आश्रम काढला, पुढे हिंगण्याला नेला, आमच्या घरापासून ते अंतर चालत जाण्यासारखं, पण आत्याआजीला तिकडे न्यावं असं आमच्या घरातल्या कुठल्याच पुरुषाला वाटलं नाही. हे मला फार लागतं, दरवेळी लागतं.

तिला अक्षरओळख होती पण डोळे लवकर गेले. मग बाबा कॉलेजात असताना दुपारी तिला वाचून दाखवायचे, ग्रंथालयातून आणलेली शरदबाबूंची, म्हणजे कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची पुस्तकं, मामा वरेरकरांच्या मराठीतली. ती ताटात तांदूळ निवडत बसायची, हात आपोआप चालायचे, आणि एखादी विधवा गोष्टीत आली, त्या गोष्टींत त्या येतातच, की हात थांबायचे. बाबा सांगायचे की बरीच वर्षं तिला वाटत होतं शरदबाबू आपल्याच इकडचे कुणी आहेत, वाईचे किंवा सातारचे. बंगाली आहेत म्हटल्यावर तिनं विचारलं, मग त्यांना आपल्या घरातलं कसं कळलं.

बंगाल माझ्याकडे आला तो असा, नकाशातून नाही, सिनेमातून नाही. बाबांच्या तोंडून ऐकलेल्या आत्याआजीच्या दुपारीतून, आणि नंतर मी स्वतः तीच पुस्तकं वाचली तेव्हा त्यातली तळी, घाट, बांबूची बेटं, पावसाळ्यात होडीनं एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणं, पानाचा डबा, मुडी म्हणजे आपले चुरमुरे, हे सगळं मी सदाशिव पेठेत बसून इतकं पाहिलंय की कधीकधी वाटतं मी तिथे वाढले. पुलं पन्नाशीत शांतिनिकेतनला जाऊन बांगला शिकले, ते वाचल्यावर बाबांनी पण बाराखडीचं पुस्तक आणलं होतं. नोकरी, दोन लग्नं, आईचं आजारपण. ते पुस्तक आता माझ्याकडे आहे, पहिल्या आठ पानांवर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.

लोकांना कोलकाता बघायचं असतं, मला पण बघायचंय, कॉलेज स्ट्रीटवरची जुन्या पुस्तकांची दुकानं, १८७३ मध्ये पहिल्यांदा धावलेल्या ट्रामचं जे काही उरलंय ते. पण मला मनापासून जायचंय ते देउलटीला. तिथून जवळ सामताबेडला शरदबाबूंचं घर आहे, रंगूनहून परत आल्यावर काही वर्षांनी त्यांनी ते रूपनारायण नदीच्या काठी बांधलं आणि तिथे बरीच वर्षं राहिले. १९३८ साली ते कोलकात्यात वारले. घर अजून आहे, लोकांना बघता येतं.

आणि एक गोष्ट मला मागच्या वर्षी कळली तेव्हा मी रात्रभर झोपले नव्हते. आमच्या गॅलरीतून रूळ दिसतात. संध्याकाळी पुणे स्टेशन सोडून आझाद हिंद एक्सप्रेस इथून जाते, डब्यावर पुणे–हावडा लिहिलेली पाटी, ती मी रोज बघते, मनमाड, भुसावळ, नागपूर, रायपूर, टाटानगर, खरगपूर, आणि मग कोलाघाटला पुलावरून रूपनारायण ओलांडून ती देउलटी स्टेशनातून न थांबता पुढे हावड्याला जाते. म्हणजे माझ्या गॅलरीखालून जाणारी गाडी दुसऱ्या रात्री उशिरा त्यांच्या नदीवरून जाते. बाबांना हे माहीत नव्हतं. त्यांना सांगायला हवं होतं.

दुपारी काकीमांचा नातू रडायला लागला, त्यांनी मांडीवर घेतलं आणि थोपटत गुणगुणायला लागल्या. मला त्यातला एकच शब्द कळला, बोर्गी. अर्थ विचारला तर त्या जरा थांबल्या. मग सांगितला. बाळ झोपलं, आळी शांत झाली, देशात बर्गी आले, बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा कशानं भरायचा. बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा, १७४१ पासून दहा वर्षं जवळजवळ दर वर्षी बंगालवर जात होत्या, कोलकात्याला त्यांच्या भीतीनं खंदक खणला होता, त्याला मराठा डिच म्हणायचे. १७५१ ला तह झाला, वर्षाला बारा लाख चौथाई ठरली, ओडिशा मिळाला. शाळेत मी हे अभिमानानं पाठ केलं होतं, बंगालच्या नवाब अलिवर्दीखानानं रघूजींचे सरदार भास्करपंत यांना भेटीला बोलावून दग्यानं मारलं ते वाचून चिडले होते. शेतातलं पीक गेलेली बाई मांडीवरच्या पोराला काय म्हणून झोपवत असेल हा विचार कधी आला नाही. काकीमा म्हणाल्या, अगं आम्हाला कुणालाच गाताना अर्थ लक्षात येत नाही, झोपायचं गाणं आहे. पण मला वाईट वाटलं ते वाटलंच. ज्या जागेचा इतका ध्यास घेतला तिच्या अंगाईत आपण भीती म्हणून आहोत. हे माहीत करून घेऊन तिथे जायला हवं, एवढं मात्र मला पटलं.

नंतर त्यांनी डब्यातून नोलेन गुळाची ढेप काढली, पाटाली म्हणतात तिला. भाच्यानं आझाद हिंदनंच आणली. कागद उघडल्यावर जो वास आला तो कसा लिहू, थोडा धुराचा, थोडा भाजलेल्या दुधाचा, आणि तरी फुलासारखा. हिवाळ्यात खजुराच्या झाडाला वर छेद देऊन मडकं बांधतात, रात्रभर रस ठिबकतो, पहाटे उतरवून लगेच आटवायला घेतात, ऊन चढलं की आंबतो. त्यांनी मोबाईलवर झाडाचा फोटो दाखवला आणि मी म्हटलं ही तर शिंदी! आपल्याकडे ओढ्याकाठी उभी असते तीच. सकाळी नीरा पितो ती याच रसाची, आपण त्याचा गूळ नाही करत इतकंच. त्यांच्याकडे आज पौष संक्रांत, पिठे नावाचे गोड प्रकार करतात. आतल्या नारळ-गुळाच्या सारणाची पातळ गुंडाळी, पाटिशाप्टा, त्यांनी चार माझ्या डब्यात घातल्या, मी माझी गुळपोळी त्यांच्या ताटात. तिळगूळ घ्या म्हटल्यावर त्यांनी शुद्ध मराठीत म्हटलं, गोड बोला.

आता सगळे झोपलेत. तिकिटं साठ दिवस आधी उघडतात, म्हणजे पुढच्या संक्रांतीला तिथे असायचं तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आठ वाजता. ह्यांना सांगितलं, ते म्हणाले जाऊया. काकीमांचा भाचा म्हणाला हावड्याला उतरून लोकलनं उलट देउलटीला यायचं, पुढे टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, मिळते.

बाबांच्या कपाटातून शरदबाबूंचा एक जुना खंड काढून ठेवलाय, ग्रंथालयाचा नव्हे, नंतर त्यांनी रद्दीवाल्याकडून घेतलेला. त्यात मध्येच एका पानात तांदळाच्या पोत्याच्या सुतळीचा तुकडा आहे. आत्याआजीनं दिला होता खुणेला, इथे थांब रे आज, म्हणून. बाबांनी तो कधी हलवला नाही. मी पण हलवलेला नाही, तसाच घेऊन जाणार आहे.

ताग तर तिकडचाच.

बोटं परत धुतली. नाही गेलं.