जेरुसलेमचं सेंट ॲन: मदरसा झालं म्हणून वाचलेलं चर्च

जेरुसलेमला गेलेली मंडळी पवित्र कबरीच्या, म्हणजे येशूच्या कबरीच्या चर्चमध्ये रांगा लावतात आणि सेंट ॲन जाता जाता उरकतात. क्रुसेडरांचं, म्हणजे धर्मयुद्धासाठी आलेल्या युरोपीय ख्रिस्ती योद्ध्यांचं बांधकाम नीट बघायचं असेल, तर निदान तासभर इथे काढा.

सिंहद्वारातून जुन्या शहरात शिरलं की थोड्याच अंतरावर उजव्या हाताला फाटक लागतं. तिकीट किरकोळ आहे, पण सुटे शेकेल (इस्रायली चलन) जवळ ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दुपारी जेवणाच्या वेळी बंद असतं, रविवारी पर्यटकांना प्रवेश मिळेलच असं नाही. सकाळी उघडताच पोहोचलात तर बसगाड्यांची गर्दी चुकते.

ॲन म्हणजे मेरीची आई, येशूची आजी. मेरीचा जन्म इथल्याच गुहेत झाला अशी श्रद्धा आहे. उजवीकडच्या पायऱ्या उतरून त्या तळघरात जाता येतं. वरचं चर्च 1131 ते 1138 च्या दरम्यान बांधलं गेलं. दर्शनी भिंत किल्ल्यासारखी जाड, खिडक्या लहान. आत टोकदार कमानी, मध्ये घुमट आणि रंगरंगोटी नसलेला पांढुरका दगड. खांब निरखून बघा, सगळे एकसारखे नाहीत, खिडक्यांची मापंही जुळत नाहीत. एका स्तंभशीर्षावर बैलाचं डोकं कोरलंय. ते शुभवर्तमान लिहिणाऱ्या ल्यूकचं चिन्ह.

पण माझ्या मते खरी गंमत दारावर आहे. 1187 मध्ये मुस्लिम सुलतान सलाउद्दीनने शहर घेतलं आणि पुढे या चर्चचा शाफिई पंथाचा (सुन्नी इस्लामी कायद्याची एक शाखा) मदरसा केला. त्याची नोंद करणारा 1192 चा अरबी शिलालेख मुख्य दारावर अजून शाबूत आहे. गाईड त्याकडे बोट दाखवून पुढे सरकतात, तुम्ही थांबा. इमारत वापरात राहिली म्हणूनच तर ती पाडली गेली नाही. पुढे उस्मानी (ऑटोमन तुर्कांच्या) काळात तिची पार रया गेली. क्रिमियाच्या युद्धात मदत केली म्हणून सुलतानाने 1856 मध्ये ती फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनला देऊन टाकली! मोस नावाच्या वास्तुविशारदाने तिची डागडुजी केली. आजही मालकी फ्रान्सचीच, त्यामुळे आवारात तिरंगा दिसला तर चक्रावू नका. तो त्यांचा.

आतला आवाज ऐकल्याशिवाय निघू नका. आम्ही होतो तेव्हा वसईकडचा एक गट आला, चारपाच बायकांनी मराठी भक्तिगीत धरलं. कडवं संपलं तरी सूर वर घुमटात फिरतच होता. इथे कुणीही गाऊ शकतं, फक्त गाणं भक्तीचं हवं. आणि संथ म्हणा, भरभर म्हटलं तर शब्द एकमेकांत मिसळून नुसता गलका होतो.

बाहेर बेथेस्दाची तळी आहेत. येशूने पांगळ्याला बरं केलं ती जागा. खोल खड्ड्यात रोमन, बायझंटाईन आणि क्रुसेडर अवशेष एकावर एक रचलेले. जमीन खडबडीत आहे, चपला चांगल्या घाला. शुक्रवारी दुपारी अल-अक्सा मशिदीतल्या नमाजामुळे सिंहद्वाराकडे प्रचंड गर्दी होते, तो वार टाळा. इथून निघालात की व्हिया दोलोरोसा (येशू क्रूस घेऊन गेला असं मानतात तो रस्ता) धरून पश्चिमेकडे चालत राहा, पवित्र कबरीपर्यंत तोच रस्ता नेतो.