हजेरी चर्चमध्ये, प्रवेश सरकारी शाळेत

सप्टेंबर उजाडला की इंग्लंडमधल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सेकंडरी शाळेच्या, म्हणजे सातवीपासूनच्या, अर्जांशिवाय दुसरा विषय नसतो. त्याच सुमारास ठाण्या-पुण्याहून सल्ला येतो : "तिकडे तर सगळी कॉन्व्हेंटच ना? मग एखाद्या चांगल्या कॉन्व्हेंटात घाला की." सल्ला मनापासून दिलेला असतो, पण इथलं 'कॉन्व्हेंट' निराळं आहे. फी नाही, शिक्षकांचा पगार सरकारच्या पैशातून, आणि मुलाला जागा मिळणार का, हे बऱ्याचदा ठरतं त्याचे आईबाबा रविवारी सकाळी कुठे असतात त्यावर.

आणि हे सगळं कायद्याला धरून. सरकारने शाळा काढायच्या आधीपासून चर्चच्या शाळा होत्या. १९४४च्या शिक्षण कायद्याने त्यांना सरकारी व्यवस्थेत घेतलं तेव्हा तडजोड अशी झाली की चालवण्याचा खर्च सरकारचा, धार्मिक स्वरूप संस्थेचं. 'व्हॉलंटरी एडेड' शाळेची संस्था आज बांधकामाच्या खर्चातला साधारण दहा टक्के वाटा उचलते, आणि त्या बदल्यात शिक्षक नेमणं नि प्रवेशाचे नियम ठरवणं तिच्या हाती राहतं. इंग्लंडमधल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांपैकी साधारण एक तृतीयांश शाळा अशा कुठल्या ना कुठल्या धर्माच्या आहेत. त्यात प्राथमिक जास्त, सेकंडरी कमी.

पालक म्हणून अशी शाळा जोखायची असेल तर इमारत, निकाल, बँड, सगळं नंतर. आधी शाळेच्या वेबसाइटवरचं त्या वर्षाचं प्रवेशधोरण उघडा. सात-आठ पानांचा रुक्ष कागद असतो, पण शाळेचं खरं तोंड तिथेच दिसतं. कॅथलिक सेकंडरीतला नेहमीचा क्रम असा : आधी आईबापांऐवजी सरकारच्या देखरेखीखाली वाढणारी कॅथलिक मुलं, मग नियमित चर्चला जाण्याचा फादरांचा दाखला असलेली बाप्तिस्मा झालेली मुलं, मग बाकीची बाप्तिस्मा झालेली, मग देखरेखीखालची इतर मुलं, मग इतर ख्रिस्ती, मग इतर धर्मीय, आणि शेवटी उरलेले सगळे. ज्या मुलाच्या विशेष गरजांच्या सरकारी आराखड्यात त्याच शाळेचं नाव आहे, ते या रांगेच्या बाहेर. त्याला जागा द्यावीच लागते. भावंडांचा नियम प्रत्येक गटाच्या आत लागतो की स्वतंत्र, तेही बघून ठेवा. हिंदू कुटुंबाला स्वतःचं नाव खालून पहिल्या-दुसऱ्या ओळीत सापडतं.

आता दुसरा कागद. कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, प्रवेशपुस्तिका काढा. गेल्या वर्षी प्रत्येक शाळेत कुठल्या गटापर्यंत जागा गेल्या आणि शेवटचं मूल किती मैलांवर राहत होतं, हे त्यात छापलेलं असतं. समजा, १८० जागा आहेत आणि दुसऱ्या गटातच त्या संपल्या. मग तुमचं घर शाळेच्या फाटकाला लागून असलं तरी उपयोग नाही. उलट जागा शेवटच्या गटापर्यंत पोचल्या असतील, तर दाखल्याविनाही ती शाळा तुमच्यासाठी उघडी आहे. दोन्ही शाळांवर पाटी 'कॅथलिक'चीच. फरक या एका तक्त्यात कळतो. एका वर्षावर जाऊ नका, तीन वर्षांचे तक्ते ताडून बघा.

अर्ज दोन. एक कौन्सिलचा, ३१ ऑक्टोबरपर्यंत. त्यात कमीत कमी तीन शाळा लिहिता येतात, लंडनमध्ये सहा. दुसरा थेट शाळेकडे द्यायचा पुरवणी अर्ज, ज्यावर कॅथलिक फादर किंवा चर्च ऑफ इंग्लंडच्या व्हिकरची, म्हणजे धर्मगुरूची, सही लागते. लोक नेमके इथेच अडकतात. कौन्सिलचा भरला आणि पुरवणी राहिला, तर शाळा तुम्हाला बिनदाखल्याच्या गटात ढकलते. पुरवणी भरला आणि कौन्सिलच्या अर्जात शाळेचं नावच नाही, तर अर्ज झालाच नाही. सहीसाठी शेवटच्या आठवड्यात धावू नका, तेव्हा बहुतेक ठिकाणी शाळेला सुट्टी असते आणि फादरांच्या टेबलावर गठ्ठा. पुरवणी अर्ज हातात देत असाल तर पोच घ्या. पसंतीक्रम मात्र बिनधास्त मनातला लिहा. कुणी कितवी पसंती दिली हे शाळेला कळत नाही. एक ओळ तरी मिळण्याजोग्या शाळेसाठी ठेवा.

आता त्या हजेरीबद्दल. चर्च ऑफ इंग्लंडच्या काही शाळा मागतात : महिन्यातून किमान दोनदा, सलग दोन वर्षं. म्हणजे सहावीतल्या मुलासाठी तयारी चौथीत सुरू. काही चर्चमध्ये दाराशी रजिस्टर असतं, सही करायची. काही ठिकाणी व्हिकर आठवणीवर लिहितात. कॅथलिक शाळांपैकी काही तर बाप्तिस्मा जन्मानंतर ठरावीक महिन्यांत झाला का, हेही पाहतात. तान्ह्या बाळाच्या आईबाबांनी तेव्हाच अकरा वर्षांनंतरचा हिशेब केला होता का, असा याचा अर्थ. नोकरीनिमित्त शहर बदललं असेल, आई इस्पितळात रविवारची पाळी करत असेल, तर रजिस्टरला त्याचं काही नाही. जुन्या पॅरिशचं, म्हणजे आधीच्या भागातल्या चर्चचं, पत्र चालेल असं धोरणात लिहिलेलं असलं तर ठीक, नाहीतर शून्यापासून सुरुवात. सगळ्यांच्या करातून चालणाऱ्या शाळेत भक्तीची अशी महिन्यागणिक मोजदाद व्हावी, हे पचत नाही. इंग्रज स्वतःच यावर हसतात : गुडघे टेका, फी वाचवा. डोनेशनच्या पावत्या फाडणाऱ्या देशातून आलेल्यांनी नाक मुरडू नये, हे मान्य. पण डोनेशन देणारा निदान देवाला साक्षीला ठेवत नाही.

आपल्याकडे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, राज्यघटनेचं २८वं कलम तसं सांगतं. इथे उलट, बिनधर्माच्या सरकारी शाळेतही रोजची सामूहिक प्रार्थना कायद्याने सांगितलेली, तीही मुख्यतः ख्रिस्ती वळणाची. बऱ्याच शाळा ते पाळत नाहीत, ही गोष्ट वेगळी. आता कुणी म्हणेल, जिल्हा परिषदेच्या शाळेत सरस्वतीपूजन होतं, त्याचं काय? ते निराळं हो. पाटीवर फुलं वाहायला आलात का, याची नोंद कुणी प्रवेशाच्या फायलीत करत नाही.

एका गोष्टीला मात्र मुकाट मान द्यावा लागतो. जागा रिकामी असेल तर इथली धार्मिक शाळा कुणालाही नाही म्हणू शकत नाही. धर्म फक्त जागांपेक्षा अर्ज जास्त झाले तरच मध्ये येतो. मुलाखत घ्यायची बंदी, देणगी बघायची बंदी, पालकाने शाळेसाठी केलेली कामं मोजायची बंदी, हे सगळं प्रवेशसंहितेत पांढऱ्यावर काळं आहे. उत्तर लंडनच्या केंटनमधल्या जेएफएस या ज्यू शाळेला २००९ साली सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की आईच्या कुळावरून मूल ज्यू ठरवणं हा वांशिक भेदभाव आहे. तेव्हापासून तिथेही आचरणाचा दाखला आला. आपल्याकडच्या अल्पसंख्याक शाळा २०१४च्या निकालाने आरटीईच्या पंचवीस टक्क्यांतून सुटल्या, त्या शाळांना असा प्रश्न विचारायची सोय पालकाला नाही.

निकालांकडे वळू. चर्चची शाळा आकड्यांत जवळजवळ नेहमीच शेजारच्या शाळेपेक्षा उजवी दिसते, आणि इथेच आपले लोक भाळतात. दोन वर्षं दर पंधरवड्याला चर्चला जाऊन वेळेत अर्ज भरणारं घर मुलाचा अभ्यासही घेणारच. म्हणून सरकारी तुलनेच्या वेबसाइटवर आधी गरिबीमुळे फुकट जेवण मिळणाऱ्या मुलांची टक्केवारी बघा आणि ती त्याच भागातल्या इतर शाळांशी ताडा. परिसरात तीस टक्के आणि शाळेत नऊ असेल तर निकालाचं बरंच श्रेय निवडीचं. मग त्याच शाळेतल्या गरीब घरच्या मुलांचे निकाल वेगळे दिलेले असतात, ते वाचा. शिकवणं कसं आहे ते तिथे कळतं. प्रगती मोजणारा 'प्रोग्रेस ८' २०२४-२५ आणि २०२५-२६ साठी काढलेलाच नाही, कारण कोविडमुळे २०२० आणि २०२१ साली त्या मुलांच्या सहावीच्या परीक्षा झाल्या नव्हत्या. सध्या कुणी त्याचा ताजा आकडा सांगत असेल तर तो २०२३-२४चा आहे.

अजून एक आकडा कुणी विचारत नाही. कॅथलिक शाळेत अभ्यासक्रमाचा साधारण दहा टक्के वेळ धर्मशिक्षणाला जातो आणि जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या बोर्डाच्या परीक्षेला, तो विषय बहुधा सगळ्यांना सक्तीचा. हिशेब करा. इंग्रजी भाषा, इंग्रजी साहित्य, गणित, दोन विज्ञानं आणि धर्म, हे झाले सहा. शाळा नऊ विषय देत असेल तर निवडीला उरले तीन. त्यात एक परकी भाषा आणि इतिहास-भूगोलापैकी एक घ्यायचा आग्रह झाला, तर संगणकशास्त्र आणि कला यांच्यात एकच निवडावं लागेल. धर्म हा विषय 'ईबॅक' या सरकारने ठरवलेल्या मुख्य विषयांच्या गटात कधी धरला नाही, म्हणून तो इतिहासाची जागाही भरत नाही. ओपन ईव्हनिंगला मुख्याध्यापकांचं भाषण ऐकण्यापेक्षा नववी-दहावीचं विषयनिवडीचं पत्रक मागा. आणि दुसरा धर्म कुठला शिकवता, हेही विचारा. कॅथलिक शाळांत तो ज्यू धर्म असतो, चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळांत बऱ्याचदा इस्लाम. आपली पोरं पेपरात ज्यूंच्या सणांवर लिहितात आणि घरी गीतेचा श्लोक अडखळत म्हणतात, असं व्हायला हरकत नाही, पण माहीत असलेलं बरं.

तपासणीचे अहवालही दोन. ऑफस्टेड ही शाळा तपासणारी सरकारी संस्था इथलं धर्मशिक्षण आणि प्रार्थना तपासत नाही, ते काम चर्चच्या स्वतंत्र तपासनिसांचं. दोन्ही वाचा. ऑफस्टेडने एका शब्दाचा शेरा सप्टेंबर २०२४ पासून बंद केला, नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या बाबींवर पाच पातळ्यांत मत येतं. त्यामुळे 'आउटस्टँडिंग'चा जुना फलक फाटकावर टांगलेला असेल तर खालची तारीख बघा.

शाळा बघायला संध्याकाळी नको, कामाच्या दिवशी जा. तास बदलताना जिन्यावर काय होतं ते उभं राहून बघा, मुलांच्या स्वच्छतागृहात डोकावा, जेवणाच्या रांगेत शाकाहारी ताट रोज वेगळं असतं की नुसता चीज-पास्ता, ते विचारा. सत्रात मास, म्हणजे कॅथलिक प्रार्थनाविधी, किती, तेव्हा इतर धर्माची मुलं कुठे बसतात? पालकाला मुलाला प्रार्थनेतून आणि धर्माच्या तासातून बाहेर ठेवण्याचा कायदेशीर हक्क आहे, पण तेव्हा मूल ग्रंथालयात एकटं बसणार असेल तर तो हक्क बाराव्या वर्षी कुणालाच नको असतो. क्रॉस चालत असेल तर गळ्यातला गणपती चालतो का, गणवेशाच्या नियमात बघा. 'गव्हर्नर्स फंडा'साठी वर्गणी मागणारं पत्र येईल. ती रक्कम ऐच्छिक असते, नाही दिली म्हणून मुलाचं काही अडत नाही.

आपल्यासाठी वेगळी वाट हवी असेल तर हॅरोतल्या स्टॅनमोरचं अवंती हाउस आहे, २०१२ साली सुरू झालेलं, हिंदू वळणाचं, शाकाहारी. ते फ्री स्कूल म्हणून सुरू झालं, म्हणजे सरकारच्या पैशावर पण कौन्सिलच्या अखत्यारीबाहेर. अशा शाळांना मागणी जास्त असेल तर धर्मावरून फक्त अर्ध्या जागा भरता येतात, बाकी अर्ध्या सगळ्यांना खुल्या. बर्मिंगहॅममधली शीख वळणाची निष्काम हायस्कूलही २०१२चीच. इथेही सरकारी पैशावर धर्म आहे, हे विसरून 'पण आपले संस्कार' म्हणणारे बरेच. म्हणोत. शाकाहारी जेवण मिळत असेल तर तत्त्व जरा बाजूला ठेवायला हरकत नाही.

वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरांना ही रांग सोपी, पण दोन गोष्टी करा. निघण्याआधी गावच्या पॅरिशमधून मुलाच्या बाप्तिस्म्याचा नवा शिक्क्याचा उतारा घ्या, लॅमिनेट केलेल्या जुन्या कागदावर हरकत निघू शकते. आणि इथे पोचल्या महिन्यात स्थानिक पॅरिशमध्ये नाव नोंदवा. फादर ओळखत नसतील तर दाखल्यावर सही करणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

वर्षाच्या मध्येच येणाऱ्यांनी भाड्याचा करार हातात आला की लगेच अर्ज टाकावा. उत्तर शाळा भरण्याच्या पंधरा दिवसांत द्यावंच लागतं. १ मार्चला नकार आला तर प्रतीक्षायादीत राहा, ती किमान ३१ डिसेंबरपर्यंत चालते. ती तारखेने नाही, प्रवेशाच्या निकषांनीच लागते, त्यामुळे नवा दाखलेवाला आला की तुम्ही एक पायरी खाली. अपील करायचं तर मुदत किमान वीस शाळेचे दिवस. स्वतंत्र पॅनेल आधी बघतं, नियम नीट लावले का. मग, शाळेला एक मूल जास्त घेण्याचा जाच मोठा की तुमच्या मुलाची गरज मोठी. शाळेचं वातावरण आवडलं, या वाक्याला तिथे वजन नाही. पुरवणी अर्जाची पोच, अंतर चुकीचं मोजल्याचा नकाशा, किंवा ती भाषा वा तो विषय फक्त याच शाळेत शिकवतात याचा कागद, यातलं काही असेल तर फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा.