ओ सेब्रेइरोचं चर्च

स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेला निघाले होते. त्या वाटेवरचं लास एर्रेरियास गाव सोडलं तेव्हा नुसती बुरबुर होती. ला फाबाच्या पुढे चढ उभा झाला आणि धुकं असं दाटलं की पुढे चालणारे दिसेनासे झाले. दगडावर पिवळा बाण दिसला की चार पावलं टाकायची, मग पुढचा बाण शोधायचा. लागुना दे कास्तिया मागे पडलं, गॅलिसिया प्रांताची हद्द लागली, आणि जवळजवळ १३०० मीटर उंचीवरचं ओ सेब्रेइरो एकदम समोर आलं. गवताने शाकारलेली लंबगोल दगडी घरं, म्हणजे इथले ‘पायोसा’, आणि त्यांच्या शेजारी सांता मारिया ला रेआल.

या वाटेवर बुर्गोसचं, लेओनचं कॅथेड्रल पाहून आले होते. तिथे मान वर करून पाहत राहावं लागतं. हे चर्च मात्र जमिनीला धरून बसलंय. इथल्याच डोंगरातल्या दगडाच्या जाड भिंती, पाटीच्या दगडाचं छप्पर, ठेंगणा चौकोनी मनोरा. आत तीन दालनं, लहान खिडक्या. वारा आणि बर्फ माहीत असलेल्या माणसांनीच ते असं बांधलं असणार. मुळं नवव्या शतकापर्यंत मागे जातात. आजचं रूप १९६०च्या दशकातल्या जीर्णोद्धारानंतरचं. पूर्वी धुक्यात वाट चुकू नये म्हणून यात्रेकरूंसाठी इथली घंटा वाजत राहायची.

उजवीकडे काचेआड बाराव्या शतकातला पेला आहे. त्याची कथा १३००च्या आसपासची सांगतात. बार्शामायोर गावचा एक शेतकरी वादळातून, बर्फातून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, वर आला. पाद्री मनात म्हणाला, थोड्याशा भाकरी-द्राक्षारसासाठी एवढा जिवाचा आटापिटा! आणि त्याच क्षणी भाकरीचं मांस झालं, द्राक्षारसाचं रक्त. तिथल्या मारियेच्या मूर्तीने ते पाहायला मान झुकवली, असंही म्हणतात. १४८६ मध्ये स्पेनची राणी इसाबेला आणि राजा फर्दिनांद इथे आले आणि त्या मांस-रक्ताच्या अवशेषांसाठी त्यांनी कुप्या अर्पण केल्या. मला राणीपेक्षा तो शेतकरीच जवळचा वाटला. ओल्या बुटांनी मी त्या काचेपुढे बराच वेळ उभी होते.

बाहेर एलियास वालिन्या यांचा अर्धपुतळा आहे. ते याच चर्चचे पाद्री. वाट जवळजवळ विसरली गेली होती, तेव्हा १९८४ मध्ये रस्त्याच्या कामाचा उरलेला पिवळा रंग घेऊन ते गाडीतून निघाले आणि झाडांवर, भिंतींवर, दगडांवर बाण काढत गेले. १९८९ मध्ये ते वारले. सकाळपासून मी ज्यांच्या मागे चालत होते, ते बाण अशा रीतीने या अंगणातून निघाले होते. पुतळ्याला हात जोडले.

संध्याकाळी आईला फोन लावला. तिने आळंदी ते पंढरपूर अनेकदा पायी केलंय. पाय सुजलेत का, जेवलीस का, हे झाल्यावर तिने विचारलं, ‘‘दर्शन झालं का गं?’’

सांतियागो अजून १६० किलोमीटर लांब होतं. मी म्हणाले, ‘‘झालं.’’