तुम्ही विचारलंत म्हणून : आठ ठिपक्यांचा मास्टर चीफ

माझ्या स्क्रीनवर ‘हेलो २६००’ हा व्हिडिओ गेम सुरू असला, की घरी आलेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो. परवा तुम्हीही तोच विचारलात : ‘अहो, मूळ हेलो एवढा देखणा आहे, मग हा ठोकळ्यांचा खेळ कशाला खेळता?’ उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितोय.

मूळ ‘हेलो’ २००१चा, मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स या खेळयंत्रावरचा. हिरव्या चिलखतातल्या मास्टर चीफ या नायकाच्या डोळ्यांनी आपण सगळं बघतो; मान वर केली की त्या बांगडीसारख्या गोल जगाची आभाळात चढत गेलेली कमान दिसते. ‘हेलो २६००’ आला २०१०मध्ये, पण तो लिहिलाय १९७७च्या अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासाठी. लिहिणारा एड फ्राइज. हा मायक्रोसॉफ्टच्या खेळ विभागाचा उपाध्यक्ष होता. हेलोवाली बंजी कंपनी मायक्रोसॉफ्टने २०००मध्ये घेतली, ती त्याच्याच काळात. मोठा हेलो ज्याने बाजारात आणला, त्यानेच पुढे तो ६४ खोल्यांच्या, अवघ्या ४ किलोबाइटच्या खेळात बसवला.

अटारीची रॅम, म्हणजे खेळ चालू असताना लक्षात ठेवायची जागा, १२८ बाइट. किलोबाइट नाही, बाइट. ‘आज उशीर होईल, जेवायला थांबू नका’ हा घरचा निरोप आजच्या युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ पद्धतीने साठवला तर ८१ बाइट खातो. असा दुसरा निरोप त्यात मावत नाही. तेवढ्याच जागेत चीफ कुठे आहे, शत्रू कुठे आहेत, गोळी कुठवर पोचली हे सगळं लक्षात ठेवायचं. एक्सबॉक्सकडे याच्या सव्वापाच लाख पट रॅम होती.

त्यात अटारीला चित्र साठवायला जागाच नाही. जुन्या टीव्हीच्या काचेमागे किरण डावीकडून उजवीकडे ओळ आखत जातो, आणि प्रोग्रामने प्रत्येक ओळ त्याच क्षणी पुरवायची. एका ओळीला प्रोसेसरच्या घड्याळाच्या ७६ टिकटिक मिळतात. साध्यातल्या साध्या आज्ञेला २ लागतात. म्हणजे जास्तीत जास्त ३८ आज्ञा, की पुढची ओळ आलीच. हे सेकंदाला साठ वेळा, पडदाभर. मी पोटासाठी प्रोग्रॅमिंग करतो. आमच्याकडे काम अडलं की सर्व्हर वाढवून घेतात. त्यामुळे हा खेळ समोर आला की मी आधी हात जोडतो, मग जॉयस्टिक धरतो.

गेलं काय, तेही सांगतो. चीफच्या डोळ्यांनी बघणं गेलं. इथे तोच आपल्याला दिसतो, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना. ती आभाळातली कमान गेली, आणि तिची आठवण मला अजून येते. पण अनोळखी खोलीत शिरतानाची धडधड तशीच आहे. भिंतीआड थांबायचं, शत्रू सरकला की निघायचं. माझी बोटं मूळ खेळात हेच करायची, आणि ते इथे शाबूत आहे. अमेरिकेच्या स्मिथसोनियन कलासंग्रहालयाने २०१३मध्ये हा खेळ आपल्या संग्रहात घेतला, तेव्हा घरातल्या कुणाचा सत्कार व्हावा तसा आनंद मला झाला.

माझ्या भाचीनेही हाच प्रश्न विचारला होता. तिला चौकटीची वही दिली आणि म्हटलं, रुंदी आठ घरं, एकच रंग, काढ चीफ. अटारीत एका आकृतीच्या एका ओळीला आठच ठिपके मिळतात. तिने आधी बोटं काढायला घेतली, मग बंदुकीचा चाप. जागा संपली. तिसऱ्या पानावर तिने खांदे रुंद केले आणि चेहऱ्याच्या जागी दोन घरं कोरी सोडली. ‘मामा, ही त्याच्या हेल्मेटची काच,’ म्हणाली, आणि वही लांब धरून बघत बसली.