पडदा ओढून विचारलेला प्रश्न

आज हार्ट अटॅकच्या एका काकांचा डिस्चार्ज. पथ्य, गोळ्या, चालणं, सगळं सांगून झालं तरी ते चादरीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेले. काकू औषधं आणायला गेल्या तसा पडदा ओढला. "काका, बरेच पेशंट विचारतात, संबंध कधीपासून ठेवायचे. तुम्हाला काही विचारायचंय?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "सिस्टर, मी मेडिकलमधून त्याची गोळी आणून घेतो."

सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध! आणि डिस्चार्ज कार्डावर छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट. दोन्ही एकत्र गेल्या तर बीपी धाडकन खाली, जीवावरच बेतायचं. लगेच डॉक्टरांना बोलावलं.

आमच्या केस पेपरवर तंबाखूचा रकाना आहे, लैंगिक संबंधांविषयीचा नाही. मला फार लागलं ते.

काकू परतल्या तेव्हा काकाच म्हणाले, "बस गं, तूही ऐक."